महावेटोळ्याचा स्वभाव

मजकूररावांनी ती सहा वाक्ये फक्त ओळी मोजण्यासाठी लिहिली होती. ती कोणी वाचावीत अशी त्यांची इच्छा नव्हती, आणि कोणी ती पितळी पत्र्यावर कोरून भिंतीला ठोकील हे तर त्यांच्या ध्यानीमनीही नव्हते. पण तीन दिवस ताप काढून ते कामावर आले, तेव्हा संग्रहालयाच्या ‘उद्याचे अरण्य’ या नव्या दालनात, साठ फुटी सापाच्या तोंडाजवळ, ती सहाही वाक्ये चकचकत होती.

मजकूरराव हे काही त्यांचे खरे नाव नव्हे. संग्रहालयात प्रत्येक वस्तूखाली जी पाटी असते, तिचा मजकूर गेली सव्वीस वर्षे तेच लिहीत, म्हणून सगळे त्यांना या नावाने हाक मारत. पाटी करण्याआधी अक्षर केवढे ठेवायचे, ओळी किती बसतील, हे बघण्यासाठी ते कागदावर काहीबाही लिहून तो जागेवर चिकटवून बघत. याला ते ‘भरती’ म्हणत. भरतीत कधी घरच्या सामानाची यादी असे, कधी बसचे वेळापत्रक. एकदा गेंड्याच्या कवटीखाली दोन दिवस कंबरदुखीचे व्यायाम लटकत होते, पण तेव्हा ते वेळीच लक्षात आले.

या सापाचे नाव महावेटोळा. तो अजून जन्माला यायचा होता. आणखी दोन कोटी वर्षांनी हवा तापली, अरण्ये दाट झाली, की तो कसा असेल याचा अंदाज संग्रहालयातल्या शास्त्रज्ञ बाईंनी बांधला होता आणि कारागिराने जाळी, रबर आणि रंग वापरून त्याला उभा, म्हणजे खरे तर आडवा, केला होता. दालनाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तो पसरला होता. न जन्मलेल्या या प्राण्याचे वजन बाई किलोपर्यंत सांगत. लांबी, वजन, आहार, वसतिस्थान, सगळे रकाने त्यांनी भरून दिले होते. फक्त ‘स्वभाव’ या रकान्यापुढे लिहिले होते, ‘नंतर बघू’.

तो रकाना मजकूररावांनी भरतीने भरला. आदल्याच दिवशी ते ताईकडे जेवायला गेले होते, तिथे दादाही आला होता, आणि दोघे सख्खे भाऊ तीन तास एका खोलीत एक शब्द न बोलता बसले होते. डोक्यात दादाच होता, त्यामुळे कागदावर दादा उतरला.

‘स्वभाव: हा प्राणी एकदा जागा धरून बसला की सहसा हलत नाही. त्याच्या वाटेला गेल्यास फूत्कार टाकतो, पण कशाचा राग आला ते सांगत नाही. जेवण झाले की आसपासच्यांशी संबंध ठेवत नाही. अपमान गिळतो, मात्र तो पचवत नाही, वर्षानुवर्षे तसाच पोटात ठेवतो. सख्खे भावंड समोरून येताना दिसल्यास झाडाकडे बघतो. चूक झाली तरी मागे सरकत नाही, कारण त्याला मागे सरकताच येत नाही.’

“मजकूरराव,” बाई त्यांना बघताच म्हणाल्या, “तुमचा सापांचा एवढा अभ्यास असेल असं वाटलं नव्हतं मला.”

“बाई, ती भरती होती हो.”

“असू दे. महिनाभर मला त्या रकान्यात एक ओळ सुचत नव्हती. तुम्ही रजेवर, उद्घाटन तोंडावर. मी वाचलं आणि सरळ कोरायलाच पाठवलं.”

“पण याला पुरावा काय?”

“पुरावा कशालाच नाहीये. साप दोन कोटी वर्षांनी होणार. ज्याला शंका असेल त्यानं तोवर थांबावं.”

खरे सांगायचे तर पहिले काही दिवस मजकूररावांना मनातून गुदगुल्या होत होत्या. नऊ वर्षे जे तोंडावर बोलता आले नाही ते पितळेत कोरले गेले होते, आणि वर ते शास्त्र म्हणून. लोक पाटीपाशी थांबत, हसत, एकमेकांना कोपराने ढोसत. एक बाई नवऱ्याला म्हणाली, “तुमचे काका. अगदी हुबेहूब.” नवरा म्हणाला, “मला तुझी आत्या वाटली.” एका गृहस्थांनी पाटीचा फोटो काढून तिथल्या तिथे साडूला पाठवला. दालनाच्या दारातला पहारेकरी हे सगळे दिवसभर स्टुलावर बसून ऐके. तो म्हणाला, “मजकूरराव, रोज शे-दोनशे माणसं येतात आणि आपापला माणूस ओळखून जातात. स्वतःला ओळखणारा मात्र अजून एकही आला नाही.”

मजकूरराव यावर मोकळेपणाने हसले. पुढे हे हसणे त्यांना फार आठवले.

सोमवारी सकाळी ताईचा फोन आला. ताई म्हणजे दोन भावांच्या मधली बहीण. नऊ वर्षे ती दोन्हीकडचे निरोप इकडून तिकडे पोचवत होती, आणि पोचवताना त्यातले तिखट काढून टाकत होती.

“दादा महिनाअखेरीला लेकीकडे चाललाय,” ती म्हणाली. “कायमचा. आता एकट्यानं होत नाही त्याच्याच्यानं.”

“बरं.”

“बरं काय? तिथून इकडे परत येणं या वयात काही होणार नाही. मी विचारलं, जाण्याआधी काही बघायचं राहिलंय का. म्हणाला, धाकट्याच्या पाट्या बघायच्या राहिल्यात. रविवारी घेऊन येतेय त्याला.”

मजकूररावांनी फोन ठेवला. दादा जमीन मोजणीच्या खात्यातून निवृत्त झालेला माणूस. औषधाच्या खोक्यातला कागदही पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचणारा. तो ही पाटी वाचणार होता, त्यात स्वतःला ओळखणार होता आणि तसाच गाडीत बसून कायमचा निघून जाणार होता.

भांडण तसे चार वाक्यांचे होते. ताईच्या घरी जेवताना दादा एका पाहुण्याला म्हणाला, “हा आमचा धाकटा. संग्रहालयात पाट्या लिहितो.” मजकूररावांना ते झोंबले. ते भरल्या पानावर म्हणाले, “पाट्या निदान लोक वाचतात तरी. तुझे नकाशे गुंडाळीतच कुजले.” दादा हात धुऊन निघून गेला. चूक दादाची, तो आधी बोलला, असे मजकूरराव नऊ वर्षे सांगत आले होते.

“आता तरी तुम्ही आधी जाऊन बोला,” बायको म्हणाली.

“चूक त्याची होती.”

“अहो, एवढं एकच वाक्य नऊ वर्षं ऐकतेय मी. मला पाठ झालंय.”

मजकूररावांनी ठरवले की पाटी बदलणे हे दादाशी बोलण्यापेक्षा सोपे. त्यांनी नवा मजकूर लिहिला. त्यात महावेटोळा शांत, प्रेमळ आणि भावंडांत रमणारा होता. बाईंनी तो वाचून परत दिला. “हा साप वाटत नाही. हा कुणाच्या तरी निरोप समारंभातला सत्कारमूर्ती वाटतो.”

मंगळवारी ते थेट संचालक साहेबांकडे गेले. पाटी लोकांना नीट वाचता येत नाही, सबब ती काढावी, असे त्यांनी सांगितले. हे कारण त्यांनी रात्रभर घोळवून काढले होते. साहेबांनी ते मनावर घेतले.

“खरं आहे. वयस्कर लोकांचं काय? आपण हा मजकूर ध्वनिमुद्रित करू. बटण दाबलं की ऐकू येईल. आणि आवाज तुमचाच. ज्यानं लिहिलं त्यानंच वाचावं.”

“साहेब, माझा आवाज बसलाय.”

“सापाला शोभेल.”

बुधवारी मजकूरराव माइकपुढे बसले. पहिले वाक्य त्यांनी कसेबसे काढले. मग रविवार डोळ्यांपुढे आला. ‘सख्खे भावंड’ म्हणताना आवाज कापला, आणि ‘मागे सरकताच येत नाही’पाशी तर त्यांना पाणी प्यावे लागले. “पुन्हा घेऊ का?” त्यांनी आशेने विचारले. ध्वनिमुद्रण करणारा डोळे पुसत म्हणाला, “छे, छे. पुन्हा असं यायचं नाही.”

गुरुवारी त्यांनी पाटीपुढे झाडाची एक भलीमोठी कुंडी आणून ठेवली. अरण्याचे दालन, तिथे झाड असायला कोणाची हरकत असणार? पण लोक कुंडी सरकवून वाचू लागले. दुपारी साहेबांनी ते बघितले आणि म्हणाले, एवढी धडपड करून लोक वाचताहेत तर आपण पाटीवर एक दिवा लावला पाहिजे. संध्याकाळपर्यंत दिवा लागला.

शुक्रवारी मजकूररावांनी शेवटचा उपाय केला. जेवणाच्या सुट्टीत, पहारेकरी डबा खायला गेला असताना, त्यांनी खिशातल्या स्क्रू ड्रायव्हरने पाटीचे चारही स्क्रू काढले आणि पाटी शर्टाखाली घालून ते आपल्या टेबलापाशी येऊन ताठ बसले. वाकताच येत नव्हते. दहा मिनिटांत पाटी चोरीला गेल्याची बोंब झाली. साहेब उलट खूश झाले. “इतक्या वर्षांत आपल्याकडून कुणी काही चोरलं नव्हतं. लोकांना पहिल्यांदाच आपली वस्तू घरी न्यावीशी वाटली.” कोरणाऱ्याने नमुना ठेवलेला होताच. त्याने शनिवारी एकाऐवजी दोन पाट्या करून दिल्या, पुन्हा चोरी झाली तर हाताशी असावी म्हणून. साहेबांनी दुसरी पाटी नुसती पडून कशाला ठेवायची म्हणून शेपटीपाशी लावली. आता दादा कुठल्याही बाजूने आला असता तरी सुटका नव्हती.

रविवारी सकाळी अकरा वाजता दादा आला. एका हातात काठी, दुसरा हात ताईच्या खांद्यावर. ताईकडे दादा नेहमी खुर्चीत बसलेला असे. त्याला चालताना मजकूररावांनी बऱ्याच दिवसांनी बघितले. तो एवढा वाळला असेल असे त्यांना वाटले नव्हते. कोटाचा एक खिसा मात्र पूर्वीसारखाच फुगलेला होता. त्यात त्याची मोजणीची टेप असे, चामडी डबीतली, शंभर फुटी.

“काय,” दादा म्हणाला.

“काही नाही,” मजकूरराव म्हणाले.

नऊ वर्षांनंतरचे हे पहिले संभाषण. ताईला तेवढ्यानेही बरे वाटले.

मजकूररावांनी दादाला आधी शंखशिंपल्यांत नेले, मग फुलपाखरांत. तिथे साडेचारशे पाट्या होत्या. दादा दमून घरी जाईल अशी त्यांची अटकळ होती. पण दादा एकेक पाटी वाचत गेला, ओठ हलवत, काठीवर रेलून, आणि दमला नाही. मध्येच एकदा तो ताईला म्हणाला, “अक्षर बघ. कुठे गर्दी नाही, कुठे सांडलेलं नाही.” मजकूररावांनी ते ऐकले आणि त्यांना जमिनीत गाडून घ्यावेसे वाटले.

शेवटी ‘उद्याचे अरण्य’ आलेच. दादा सापाच्या तोंडापाशी थांबला. दिव्याखाली पाटी लखलखत होती. त्याने चष्मा पुसला आणि वाचायला सुरुवात केली. मजकूरराव छताकडे बघत उभे राहिले. दादाचे वाचून झाले. त्याने पुन्हा पहिल्यापासून वाचले. मग त्याला बटण दिसले. त्याने ते दाबले, आणि मजकूररावांचा दाटलेला, कापरा आवाज दालनभर घुमला.

दादाने तीनदा बटण दाबले.

“हे तू लिहिलंस?” त्याने विचारले.

“हो,” मजकूरराव म्हणाले. आता लपवून उपयोग नव्हता.

दादाने पुन्हा एकदा पाटीकडे बघितले. मग त्याने काठी ताईकडे दिली आणि धाकट्या भावाच्या खांद्यावर हात ठेवला.

“स्वतःबद्दल एवढं खरं लिहायला छाती लागते रे,” तो म्हणाला. “मला नसतं जमलं.”

“स्वतःबद्दल?” मजकूरराव म्हणाले.

“ते झाडाचं तर अगदी खरं. मी समोरून येताना दिसलो की तू कोपऱ्यावरच्या त्या गुलमोहराकडे बघायचास. मी म्हणायचो, याला झाडांचा नाद कधीपासून लागला? मग मलाही दुसरीकडे कुठे बघावं कळायचं नाही. मीही त्याच्याकडेच बघायचो.”

“दादा, ते मी...”

“बोलू नकोस. लिहिलंस तेवढं पुरे. वाचतानाही तुझा आवाज फुटला. ऐकलं मी.”

मजकूररावांनी पाटीकडे बघितले. जागा धरून बसतो. कशाचा राग आला ते सांगत नाही. अपमान पोटात ठेवतो. सहाही वाक्ये त्यांनी एकेक करून स्वतःला लावून बघितली, आणि एकही सैल बसेना. पहारेकरी स्टुलावरून त्यांच्याकडे बघत होता. त्यांनी मान खाली घातली. त्यांना आयुष्यात इतकी लाज कधी वाटली नव्हती.

“आणि त्या दिवशीचं सांगू?” दादा म्हणाला. “मी पाहुण्याला म्हणालो, हा पाट्या लिहितो. ते कौतुकानं सांगत होतो. त्याच्या पुढेही एक वाक्य होतं. तू ते बोलूच दिलं नाहीस.”

“काय होतं पुढचं?”

दादाने आठवायचा प्रयत्न केला. कपाळाला हात लावून तो जरा वेळ उभा राहिला.

“आता नाही आठवत,” तो म्हणाला. “नऊ वर्षं झाली.”

ताईने पदर डोळ्यांना लावला. मजकूररावांना वाटले, ते एक वाक्य ऐकायला मिळावे म्हणून आपण काय वाटेल ते केले असते. आणि ते त्या दिवशी फुकट मिळत होते, फक्त एक घास जास्त वेळ चावायला हवा होता.

दादाने मात्र विषय संपवला होता. त्याने पाटीवर बोट ठेवले. “शेवटचं तेवढं चुकलंय. मागे सरकताच येत नाही म्हणतोस. येतं रे. वेळ लागतो एवढंच.” मग त्याने सापावरून नजर फिरवली, एक डोळा बारीक केला आणि खिशातून चामडी डबी काढली. “साठ फूट लिहिलंय. टोक धर.”

लहानपणी दादा मोजणी शिकत असताना अंगणात, रस्त्यावर, गच्चीत असेच म्हणायचा. टोक धर. आणि धाकट्याने टोक धरून हलायचे नाही, एवढेच त्याचे काम असे. मजकूररावांनी सापाच्या नाकापाशी टेपचे टोक धरले. दादा टेप सोडत सोडत, दुसरा हात भिंतीला टेकवत, शेपटीकडे निघाला. पावले लहान होती. एकदा तो थांबला, दम घेतला, पुन्हा निघाला. मजकूरराव त्याच्या पाठीकडे बघत होते. बघता बघता त्यांना पुढचे धूसर दिसू लागले.

“अठ्ठावन्न,” तिकडून दादा ओरडला.

“साठ आहे, दादा.”

“टेप खोटं बोलत नाही. पाटी दुरुस्त कर.”

मजकूररावांनी खाली बघितले. मघाशी ते सापाच्या नाकापाशी उभे होते. आता मानेपाशी होते. दादा पुढे जात असताना हातात टोक धरून ते नकळत त्याच्यामागे दोन फूट सरकले होते. उभ्या आयुष्यात दादाची एकही मोजणी चुकली नव्हती, आणि ही चुकलेली मोजणी त्याची शेवटची असणार होती. ते म्हणाले, “करतो दुरुस्त.”

महिनाअखेरीला दादा गेला. गाडी सुटताना मजकूररावांनी एकदा खरे सांगून टाकायचा प्रयत्न केला. “दादा, ती पाटी मुळात...” एवढे ते म्हणाले, आणि दादाने खिडकीतून हात हलवत म्हटले, “फार छान लिहिली होतीस.” गाडी गेली. जी माफी त्यांनी मागितली नव्हती ती त्यांना मिळाली होती, आणि जी मागायची होती ती तशीच राहून गेली होती. घरी येऊन ते बायकोला म्हणाले, “चूक माझी होती.” तिने भाजी चिरायची थांबवली.

दुसऱ्या दिवशी साहेब त्यांना स्वतःहून म्हणाले, “तुमची हरकत होती ना त्या मजकुराला? बाईंनी नवा लिहून आणलाय. बदलू या.”

“नको,” मजकूरराव म्हणाले. “स्वभाव तोच राहू दे. फक्त लांबी बदला. अठ्ठावन्न करा.”

लांबी बदलली, आणि नवीनच भानगड उभी राहिली. कारागीर भडकला. त्याने साठ सांगितला तर साठच बनवला होता, सात महिने घालवून एकेक खवला हाताने रंगवला होता, आणि आता सगळ्या जगापुढे त्याच्यावर दोन फूट खाल्ल्याचा आळ आला होता. सकाळी जिन्यात मजकूरराव समोरून आले तेव्हा त्याने फक्त खिडकीबाहेरच्या झाडाकडे बघितले.

मजकूरराव दोन पायऱ्या पुढे गेले. सवयीने त्यांच्या मनात आले की याला एवढे रागवायला काय झाले, बोलेल आपण होऊन. तिसऱ्या पायरीवर ते थांबले. मग मागे वळून कारागिराच्या खोलीत गेले. तो पाठमोरा बसून ब्रश धूत होता.

“मोजणी माझ्यामुळे चुकली,” मजकूरराव म्हणाले. “मी सरकलो होतो. तुमचा साप साठच फूट आहे.”

कारागिराने वळून बघितले. मजकूररावांनी टेबलावरची त्याची टेप उचलली आणि डबी त्याच्या हातात दिली.

“चला, पुन्हा मोजू,” ते म्हणाले. “टोक मी धरतो.”